कव्हरवरचं नाव सोडा, बासवाल्याच्या मागे जा

प्रश्न थोडक्यात असा: सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ आणि ड्रमवादक आर्ट ब्लेकीचा ‘मोनिन’ हे दोन अल्बम ऐकून हार्ड बॉपची गोडी लागली. पण पुढे काय ऐकावं हे शोधायला गेलं की सगळीकडे तीच दहा-पंधरा नावं फिरताना दिसतात. एका अल्बमचा प्रमुख दुसऱ्या अल्बमवर साथीला बसलेला. असं का, आणि यात शिरायचं कुठून?

आधी ‘का’ ते बघू, म्हणजे ‘कुठून’ निम्मं सुटतं.

नावं तीच दिसतात कारण माणसंच तेवढी होती. हार्ड बॉप म्हणजे ढोबळमानाने १९५४ ते १९६५ या काळातलं, मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये वाजवलं गेलेलं जॅझ. बीबॉप या आधीच्या जॅझ शैलीची वेगवान, अवघड भाषा या मंडळींना पाठ होती. तिच्यात त्यांनी ब्लूज आणि चर्चमधल्या गॉस्पेलचं वजन परत आणलं, ड्रम्सना पुढे ओढलं आणि धुना अशा बांधल्या की एकदा ऐकून गुणगुणता याव्यात. हे करणारे बहुतेक जण १९२५ ते १९४० या दरम्यान जन्मलेले, आणि त्यातले कितीतरी दोनच शहरांतून आलेले. डेट्रॉइटहून पॉल चेंबर्स, डग वॉटकिन्स, टॉमी फ्लॅनगन, डॉनल्ड बर्ड, कर्टिस फुलर, केनी बरेल, लुई हेज. फिलाडेल्फियाहून ली मॉर्गन, बेनी गोल्सन, बॉबी टिमन्स, फिली जो जोन्स, मॅकॉय टायनर, आणि तरुणपणी तिथे येऊन राहिलेला कोल्ट्रेन. डेट्रॉइटमध्ये कॅस टेक नावाच्या सरकारी शाळेत संगीताचं शिक्षण कडक होतं, आणि शाळा सुटल्यावर पियानोवादक बॅरी हॅरिसच्या घरी पोरं शिकायला जमायची. म्हणजे न्यूयॉर्कला पोचण्याआधीच ही मुलं एकमेकांना ओळखत होती. ‘मोनिन’चंच बघा: ब्लेकी स्वतः पिट्सबर्गचा, पण उरलेले चौघं – मॉर्गन, गोल्सन, टिमन्स आणि बासवर जिमी मेरिट – फिलाडेल्फियाचे. आधी गोल्सन आला आणि त्याने आपल्या गावच्या पोरांची नावं सुचवली. कुठल्याही धंद्यात चालतं तसंच.

दुसरं कारण पैशाचं. ब्लू नोट, प्रेस्टीज, रिव्हरसाइड ही सगळी लहान लेबलं होती. वर्षानुवर्षं एक बँड पोसण्याची त्यांची ऐपत नव्हती. या महिन्यात ज्याच्या नावावर रेकॉर्ड काढायची तो प्रमुख, पुढच्या महिन्यात तोच दुसऱ्याच्या रेकॉर्डवर. त्यात न्यूयॉर्कचं कॅबरे कार्ड. क्लबमध्ये वाजवायला पोलिसांकडून हे कार्ड घ्यावं लागे आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडलं की ते जप्त व्हायचं. त्या पिढीत हेरॉइनने घातलेला धुमाकूळ पाहता कार्ड गेलेल्यांची संख्या लहान नव्हती. ऑल्टो सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनचं कार्ड गेलं. क्लबचे दरवाजे बंद झाल्यावर त्याला स्टुडिओ हाच मोठा आधार उरला. त्या वर्षांत त्याचं नाव इतक्या रेकॉर्डवर दिसतं, त्याचं एक कारण हे आहे.

तिसरं कारण म्हणजे एक दिवाणखाना. न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावात रुडी व्हॅन गेल्डर हा चष्म्याचे नंबर काढणारा माणूस आई-वडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा. दिवसा डोळे तपासायचे, उरलेल्या वेळात जॅझ. ब्लू नोट, प्रेस्टीज, सॅव्हॉय – सगळे त्याच्याकडे जायचे. ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘मोनिन’ दोन्ही त्याच खोलीतले. १९५९च्या जुलैमध्ये तो जवळच्या एंगलवुड क्लिफ्समधल्या नव्या स्टुडिओत गेला आणि चष्म्याचा धंदा बंद केला. पियानोवादक थेलोनियस मंकने आपल्या एका धुनेला ‘हॅकेन्सॅक’ हेच नाव दिलंय.

लेबलांमधला एक फरक मात्र कानाला कळतो, तो लक्षात ठेवा. ब्लू नोट चालवणारे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे बर्लिनहून आलेले दोन मित्र. ते रेकॉर्डिंगआधीच्या तालमीचेही पैसे द्यायचे. प्रेस्टीजकडे तालीम हा प्रकार जवळजवळ नव्हता. त्यामुळे ब्लू नोटवर नव्या, बांधलेल्या धुना आणि तीन-तीन फुंकवाद्यांची नीट बसवलेली सुरावट ऐकू येते, तर प्रेस्टीजवर सगळ्यांना पाठ असलेले ब्लूज आणि जुनी नाटका-सिनेमातली गाणी. प्रेस्टीज कमी दर्जाचं असं मुळीच नाही. उलट, चांगले वादक बिनतालमीचे काय करतात ते ऐकायचं तर तिथेच जावं.

आता कुठून शिरायचं. पुस्तकांतून आणि याद्यांतून नेहमी प्रमुखाच्या नावाने चला असं सांगतात: आधी सगळा कोल्ट्रेन, मग सगळा सनी रॉलिन्स, मग सगळा ब्लेकी. माझा सल्ला उलटा आहे. एक बासवादक धरा आणि तो जिथे जिथे वाजवतो तिथे जा. मी स्वतः डबल बास वाजवतो, तेव्हा माझा कल तिकडे असणार हे धरून चाला. पण कारण निव्वळ आपुलकीचं नाही. या संगीतात सगळ्यांना बांधून ठेवणारं काम बास आणि ड्रम्सचं आहे. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाला सोलो घेऊन बाजूला होतो, बासवाला पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत असतो. त्याला ओळखू लागलात की नव्या अल्बमवर सगळं अनोळखी असलं तरी एक माणूस ओळखीचा असतो.

तो बासवादक पॉल चेंबर्स.

जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्ग, वाढला डेट्रॉइटला. १९५५ साली, विसाव्या वर्षी, तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात आला: माइल्स, कोल्ट्रेन, पियानोवर रेड गारलंड, बासवर चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. यातले शेवटचे तिघं म्हणजे त्या काळातला सगळ्यात मागणी असलेला ऱ्हिदम सेक्शन. माइल्सला प्रेस्टीजचा करार संपवून कोलंबिया या मोठ्या लेबलकडे जायचं होतं. म्हणून १९५६ साली ११ मे आणि २६ ऑक्टोबर या दोन दिवसांत हॅकेन्सॅकला बसून त्यांनी एवढं वाजवून ठेवलं की प्रेस्टीज पुढची काही वर्षं त्यातून अल्बम काढत राहिलं: ‘कुकिन’, ‘रिलॅक्सिन’, ‘वर्किन’, ‘स्टीमिन’. क्लबमध्ये रोज वाजवत होते तेच, त्याच क्रमाच्या आसपास, बहुतेक एका टेकमध्ये. ‘रिलॅक्सिन’पासून सुरू करा. दोन धुनांच्या मधे माइल्सचा घोगरा आवाज, हसणं, सूचना, सगळं ठेवलंय.

या दोन दिवसांच्या मधे हेच तिघं काय करत होते ते बघण्यासारखं आहे. २४ मे १९५६ रोजी टेनर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सने ‘टेनर मॅडनेस’ केला, त्यावर गारलंड, चेंबर्स, फिली जो. त्या दिवशी कोल्ट्रेनही तिथे होता, आणि शीर्षकाच्या धुनेत तो वाजवतो. रॉलिन्स आणि कोल्ट्रेन एकत्र असलेलं हे एकमेव ज्ञात रेकॉर्डिंग. धून अगदी साधा बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा खंड) ब्लूज, तीसुद्धा नवी नाही; ड्रमवादक केनी क्लार्कने १९४६ साली ती ‘रॉयल रूस्ट’ नावाने वाजवली होती. पहिला सोलो कोल्ट्रेनचा, मग रॉलिन्सचा. इथे एक प्रयोग करा. दोघांच्या सोलोंत त्यांच्याकडे लक्षच देऊ नका, फक्त चेंबर्स ऐका. कोल्ट्रेन स्वरांची दाटी करतोय, रॉलिन्स मोकळ्या जागा ठेवतोय, आणि खाली तोच माणूस चारही ठोके सारख्या वजनाने टाकत चाललाय. दोघांतला फरक तुम्हाला त्याच्यामुळेच जास्त स्वच्छ ऐकू येईल.

पुढच्या वर्षी, १९ जानेवारी १९५७ला, हे तिघं लॉस एंजेलिसला होते. तिथे ऑल्टोवादक आर्ट पेपरने त्यांच्याबरोबर जो अल्बम केला त्याचं नावच ‘आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन’. नाव न लिहिताही कोणता ऱ्हिदम सेक्शन ते कळावं, एवढी त्यांची कीर्ती. पेपरने पुढे आयुष्यभर एक रंगतदार गोष्ट सांगितली: कित्येक महिने वाद्याला हात लावला नव्हता, त्याचं बूच वाळून गेलं होतं, रेकॉर्डिंग आहे हे त्या सकाळीच कळलं वगैरे. गोष्ट छान आहे, पण त्याच्याच ‘मॉडर्न आर्ट’ या अल्बमचं एक सेशन १४ जानेवारीचं आहे, म्हणजे पाचच दिवस आधीचं. जॅझवाल्यांच्या आठवणी ऐकाव्यात, तारखा मात्र डिस्कोग्राफीत, म्हणजे रेकॉर्डिंगच्या नोंदींत, बघाव्यात. अल्बम अर्थातच अव्वल आहे.

आता तुमच्या ‘ब्लू ट्रेन’कडे येऊ. १५ सप्टेंबर १९५७. कोल्ट्रेन, ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, पियानोवर केनी ड्रू, आणि खाली पुन्हा चेंबर्स-फिली जो. कोल्ट्रेन तेव्हा प्रेस्टीजच्या करारात होता, पण हा एक अल्बम ब्लू नोटसाठी झाला, आणि तालमीचा फायदा स्पष्ट दिसतो: पाचपैकी चार धुना त्याच्या स्वतःच्या आणि तिन्ही फुंकवाद्यं त्यांत नीट बसवलेली. ‘मोमेंट्स नोटिस’ ही दुसरी धून नीट ऐका. स्वरसंवाद (कॉर्ड) दर दोन ठोक्यांना पालटतात, पळापळ चालू असते, आणि धुनेच्या शेवटच्या भागात चेंबर्स एकदम पंचमावर थांबून राहतो. वरचे संवाद सरकत राहतात, बास हलत नाही. मग आवर्तन संपतं आणि तो पुन्हा चालू लागतो. प्रत्येक आवर्तनात ही जागा येते. एकदा सापडली की सोलो कितीही वेडावाकडा गेला तरी तुम्ही धुनेत कुठे आहात ते चुकत नाही. समेची वाट बघत ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागू नये. त्याच धुनेत चेंबर्स गजाने सोलो घेतो. त्याचा गजाचा सूर थोडा खरखरीत आहे आणि पुष्कळांना तो आवडत नाही. मला आवडतो. त्या वेगात डबल बासवर गजाने बीबॉपची वाक्यं स्वच्छ काढायला फार थोडे धजावले आहेत.

फिली जोची एक खूण सांगून ठेवतो. मध्यम लयीत तो कधीकधी प्रत्येक बारच्या चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमच्या कडेवर काठी आडवी टेकवून ‘टक्’ असा आवाज काढतो. माइल्सच्या पंचकात हे इतकं रुळलं की ड्रमवादक त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. हा ‘टक्’ आला की सगळा बँड सैलावून बसतो.

चेंबर्सचा माग काढत गेलात तर १९५९चा वसंत चुकवू नका. ‘काइंड ऑफ ब्लू’ दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. दुसरा दिवस चेंबर्सचा चोविसावा वाढदिवस होता. तो अल्बम हार्ड बॉपच्या कुंपणापलीकडे गेलेला आहे: स्वरसंवाद कमी, एकेका स्वरमालिकेवर बराच वेळ थांबायचं. आणि ४ व ५ मेला, म्हणजे दोन आठवडेही उलटले नसतील, कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ची मुख्य सेशन झाली, जिथे नेमकं उलटं: स्वरसंवाद इतक्या झपाट्याने बदलतात की पियानोवर बसलेला टॉमी फ्लॅनगनसारखा तालेवार माणूस शीर्षकाच्या धुनेत चाचपडताना ऐकू येतो. बासवर दोन्हीकडे चेंबर्स. त्या अल्बमचा शेवट ‘मिस्टर पी.सी.’ या धुनेने होतो, कोमल स्वरांतला वेगवान ब्लूज. पी.सी. म्हणजे पॉल चेंबर्स. कोल्ट्रेनने साथीदाराचे आभार असे मानले.

त्याच्या नावावरचेही अल्बम आहेत, त्यातला ‘बास ऑन टॉप’ (१९५७) घ्या. बरेलची गिटार, हँक जोन्सचा पियानो, आर्ट टेलरचे ड्रम्स, फुंकवाद्य एकही नाही. पहिलीच धून ‘येस्टरडेज’ गजाने. पण चेंबर्स खरा कळतो तो दुसऱ्यांच्या अल्बमवर.

त्यातला एक सनी क्लार्कचा ‘कूल स्ट्रटिन’, ५ जानेवारी १९५८. ट्रम्पेटवर आर्ट फार्मर, ऑल्टोवर जॅकी मॅक्लीन, खाली चेंबर्स-फिली जो. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून चालणाऱ्या बाईच्या पावलांचं ते प्रसिद्ध कव्हर. अमेरिकेत त्या काळी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. जपानी श्रोत्यांनी मात्र तो उचलून धरला, इतका की तिकडे हार्ड बॉप म्हटलं की अनेकांना आधी हाच आठवतो. क्लार्क पियानोवर कधीही घाई करत नाही. उजव्या हाताची वाक्यं लांबत जातात, वळतात, आणि नेमक्या ठोक्यावर उतरतात. जानेवारी १९६३मध्ये, एकतिसाव्या वर्षी, बहुधा हेरॉइनने तो गेला. त्याआधी चार-पाच महिने टेनरवादक डेक्स्टर गॉर्डनच्या ‘गो’वर त्याने जी साथ केली आहे ती पियानो शिकणाऱ्या कुणालाही मी आधी ऐकायला सांगेन.

आणि मग ‘सोल स्टेशन’. एकच अल्बम निवडायला सांगितला तर मी हा निवडतो, ‘ब्लू ट्रेन’च्या आधी. ७ फेब्रुवारी १९६०, एंगलवुड क्लिफ्स. टेनर सॅक्सोफोनवर हँक मोब्ली, पियानो विंटन केली, बास चेंबर्स, ड्रम्स ब्लेकी. चारच माणसं, पण या चौघांत या संगीताची दोन मोठी घराणी एकत्र आली आहेत. मोब्ली आणि ब्लेकी हे जॅझ मेसेंजर्स या ब्लेकीच्या बँडच्या पहिल्या फळीतले, केली आणि चेंबर्स माइल्सच्या बँडमधले. मोब्लीला समीक्षक लेनर्ड फेदरने टेनरचा ‘मिडलवेट चॅम्पियन’ म्हटलं. म्हणायचं होतं की कोल्ट्रेन-रॉलिन्ससारखा जड नाही आणि स्टॅन गेट्झसारखा हलका नाही. लोकांनी त्याचा अर्थ ‘दुसऱ्या फळीतला’ असा घेतला आणि ते लेबल त्याला आयुष्यभर चिकटलं. ‘रिमेंबर’ ऐका. आयर्विंग बर्लिनचं जुनं गाणं, आरामशीर लय. मोब्ली ठोक्याच्या किंचित मागे राहून वाजवतो आणि चेंबर्स किंचित पुढे. या दोघांमधल्या केसभर अंतरात सगळी झुलती लय आहे. ब्लेकीला तुम्ही ‘मोनिन’वर गडगडताना ऐकलाय, इथे तो दुसऱ्याला जागा देणारा ब्लेकी आहे. ‘धिस आय डिग ऑफ यू’मध्ये त्याचा सोलो येईपर्यंत तो स्वतःला आवरून धरतो.

पुढच्याच वर्षी मोब्ली माइल्सच्या बँडमध्ये गेला, कोल्ट्रेनच्या जागी. ती जागा कुणालाच झेपणारी नव्हती. माइल्सला त्याचं वाजवणं रुचलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. पण १९६१च्या मार्च महिन्याचं वेळापत्रक बघा: मोब्ली, केली आणि चेंबर्स माइल्सबरोबर ‘समडे माय प्रिन्स विल कम’ करतायत, आणि २६ तारखेला हेच तिघं, ड्रम्सवर फिली जो आणि गिटारवर ग्रँट ग्रीन घेऊन, मोब्लीच्या ‘वर्कआउट’साठी बसलेत. पहिल्यात मोब्ली जपून वाजवतो, दुसऱ्यात मोकाट. साथ तीच, मालक वेगळा. दोन्ही लागोपाठ ऐकले की माणूस कुणाच्या सावलीत किती आक्रसतो ते कळतं.

मेसेंजर्सचा विषय निघालाच आहे तर दुसरा धागा तिथूनच सुरू होतो. १९५४-५५मध्ये ब्लेकी आणि पियानोवादक हॉरेस सिल्व्हर यांनी मिळून ही मंडळी उभी केली: मोब्ली, ट्रम्पेटवर केनी डोरम, बासवर डग वॉटकिन्स. नोव्हेंबर १९५५चं न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमिया या क्लबमधलं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग मिळवून ऐका. ग्लासांचे आवाज, टाळ्या, सगळं आहे. १९५६मध्ये फाटाफूट झाली. नाव ब्लेकीकडे राहिलं, माणसं सिल्व्हरकडे गेली: मोब्ली, वॉटकिन्स आणि डोरमच्या जागी आलेला डॉनल्ड बर्ड. त्यांना घेऊन सिल्व्हरने त्याच नोव्हेंबरात ‘सिक्स पीसेस ऑफ सिल्व्हर’ केला. ड्रम्सवर डेट्रॉइटचा लुई हेज, वय एकोणीस. त्यातला ‘सेन्योर ब्लूज’ चालला आणि सिल्व्हरचं बस्तान बसलं. ब्लेकीला दोन वर्षं चांगला संच जमेना, तो जमला ‘मोनिन’ला, ऑक्टोबर १९५८मध्ये. म्हणजे तुम्ही ज्या अल्बमपासून सुरुवात केलीत तो मेसेंजर्सचा दुसरा जन्म आहे.

त्या शीर्षकाच्या धुनेविषयी एक. टिमन्स ते पहिलं वाक्य पियानोवर नुसतं दोन धुनांच्या मधे चाळा म्हणून वाजवायचा. गोल्सनने त्याला बसवून मधला भाग लिहायला लावला. पियानो हाक देतो, बाकीचे दोन स्वरसंवादांनी ‘हो’ म्हणतात. चर्चमध्ये प्रवचनकार आणि मंडळी करतात तेच. मॉर्गनचा सोलो जिथे संपतो, तिथलं त्याचं शेवटचं वाक्य गोल्सन जसंच्या तसं उचलतो आणि त्यावरून आपला सोलो सुरू करतो. पुढच्या वेळी ती जागा पकडा.

डग वॉटकिन्स हा चेंबर्सच्या नात्यातला, चुलत-मावसपैकी भाऊ, तोही डेट्रॉइटचा. चेंबर्सइतका चमकदार नाही, पण ठोका भक्कम, सूर गोल. त्याला ऐकायचं तर रॉलिन्सचा ‘सॅक्सोफोन कलोसस’, २२ जून १९५६. ‘ब्लू सेव्हन’ ही शेवटची धून तो एकटाच उघडतो. नुसता बास चालतोय, कोणत्या सुरात आहोत तेही धड कळत नाही, आणि मग रॉलिन्स आत येतो. पियानोवर फ्लॅनगन, ड्रम्सवर मॅक्स रोच. रॉलिन्स तेव्हा रोच आणि ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन या दोघांच्या पंचकात होता. हे रेकॉर्डिंग झाल्यावर चारच दिवसांनी, २६ जूनच्या रात्री, पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर मोटार उलटून ब्राउन गेला, त्याच्याबरोबर त्या बँडचा पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची बायको नॅन्सी. ब्राउन पंचवीस वर्षांचा होता. दारू नाही, हेरॉइन नाही, त्या पिढीतला सरळमार्गी माणूस. त्याचं ऐकायचं तर ‘स्टडी इन ब्राउन’ (१९५५), आणि ब्लेकीबरोबरचं फेब्रुवारी १९५४चं बर्डलँड या न्यूयॉर्कच्या क्लबमधलं रेकॉर्डिंग, ज्यापासून पुष्कळ जण हार्ड बॉपची सुरुवात धरतात.

त्याच्या जाण्याने जे हलले त्यांचा मागही लागतो. रोचकडे त्याच्या जागी केनी डोरम गेला. गोल्सनने ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ लिहिलं. आणि मार्च १९५७मध्ये अठरा वर्षांच्या ली मॉर्गनने, ज्याने ब्राउनकडून काही धडे घेतले होते, ते आपल्या तिसऱ्या ब्लू नोट अल्बमवर वाजवलं. साथीला गोल्सन स्वतः, पियानोवर विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स. फिरून आपण तिथेच.

रॉलिन्सचं एक राहिलं. ब्राउननंतर तीन वर्षांनी त्याने जाहीर वाजवणं थांबवलं आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला, हे सगळ्यांना माहीत असतं. साठच्या दशकाच्या शेवटी पुन्हा असाच उठून तो मुंबईला आला आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो मुंबईत वाजवायलाही आला.

डोरमचा धागा पुढे साठच्या दशकात नेतो. हा माणूस कायम कुणाच्या तरी जागी आलेला, आणि कायम दुर्लक्षित. त्याचा ‘व्हिसल स्टॉप’ (जानेवारी १९६१) मोब्ली, ड्रू, चेंबर्स, फिली जो यांच्याबरोबरचा. हा बहुतेक याद्यांत नसतो, माझ्या यादीत वर असतो. १९६३मध्ये त्याने एका नव्या टेनरवाल्याला हात दिला: जो हेंडरसन. त्याच्या ‘पेज वन’वर डोरमची ‘ब्लू बोसा’ आहे, जी आज जॅझ शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या दहा धुनांत शिकतं. हेंडरसन त्याच वर्षी डिसेंबरात मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’वर, आणि पुढच्या वर्षी सिल्व्हरच्या ‘साँग फॉर माय फादर’वर. ‘साइडवाइंडर’वर पियानोला कोण? बॅरी हॅरिस, डेट्रॉइटचा तोच मास्तर. ती धून इतकी खपली की ब्लू नोटने मॉर्गनकडून आणि इतरांकडून तशाच तालाचं पहिलं गाणं अल्बमच्या सुरुवातीला मागायला सुरुवात केली. काही चांगली निघाली, बरीच नाही. १९६५नंतरचं मी तुम्हाला आत्ता सांगत नाही. ऑर्गनवाल्यांचं वेगळं प्रकरण आहे, तेही पुढे कधी.

चेंबर्स १९६३पर्यंत माइल्सकडे होता, मग केली आणि ड्रमवादक जिमी कॉबबरोबर बाहेर पडला. गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या ‘स्मोकिन अॅट द हाफ नोट’वर (१९६५) हे तिघं आहेत. गिटार शिकणारे तो अल्बम माँटगोमेरीसाठी ऐकतात. तुम्ही एकदा खालच्या तिघांसाठी ऐका. ४ जानेवारी १९६९ला क्षयाने चेंबर्स गेला. तेहेतीस वर्षं. वॉटकिन्स त्याच्या आधीच, १९६२मध्ये, मोटार अपघातात गेला होता.

ऐकण्याच्या दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका, त्यावर बास उरतच नाही. साधे इअरफोन चालतील. अॅपवर साथीदारांची नावं बहुधा दिसत नाहीत, तेव्हा प्रत्येक अल्बमची वादकांची यादी आणि तारीख आधी शोधून समोर ठेवा. एकाच महिन्यातले दोन अल्बम जोडीने ऐकले की मी वर सांगितलं ते आपोआप दिसू लागतं. आणि सीडीच्या काळात जवळजवळ प्रत्येक अल्बमच्या शेवटी न वापरलेले टेक चिकटवले गेले, तेच अॅपवर आलेत. पहिल्यांदा ऐकताना ते टाळा. ‘ब्लू ट्रेन’ पाच धुनांचा आहे, ‘लेझी बर्ड’ला थांबा. ‘कूल स्ट्रटिन’ चारच धुनांचा, ‘डीप नाइट’ शेवटची.